बारीक अक्षरांशी माझे भांडण

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझी मूठ शिंगाची आहे आणि तिला तडा गेला आहे. काचेवर उजव्या अंगाला बारीक चरे पडले आहेत. पण हे ऐकून लगेच हळहळू नका. कीव मिळवायला मी बोलायला बसलेलो नाही. ज्या अक्षरांशी मी जन्मभर भांडलो ती अजून जिवंत आहेत, रोज नव्या खोक्यांतून घडी घालून बाहेर पडत आहेत. त्यामुळे माझे भांडणही अजून संपलेले नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. वितळलेल्या वाळूची काच झाली आणि मग त्या काचेला फिरत्या चाकावर घासघास घासले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण घासल्याशिवाय काचेचे पोट पुढे येत नाही, आणि पोट पुढे आल्याशिवाय भिंगाला काही दिसत नाही. पुढे मी जहाजाने दूरच्या एका उष्ण देशात, कोरिंतोच्या बंदरात उतरलो आणि तिथून लेओन गावातल्या एका चष्म्याच्या दुकानात आलो. गिऱ्हाइके मला उचलत, स्वतःच्या अंगठ्याचे ठसे बघत, हसत आणि परत ठेवून देत. एकदा दुकानातल्या मांजराने मला खाली पाडले. मुठीला तडा गेला तो तेव्हा. मग तर कोणी उचलेनासेच झाले.

मला विकत घेतले ते एनेइदा बाल्तोदानो या बाईंनी. त्या विद्यापीठात फार्मासिस्ट लोकांना शिकवत. दुकानात आल्या आणि त्यांनी पर्समधून औषधाच्या खोक्यातला एक घडीचा कागद काढला. तो कागद तुम्हीही पाहिला असेल. घरात तो सर्वांत आधी केराच्या टोपलीत जातो. बाईंनी तो माझ्याखाली धरला, चार ओळी वाचल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, ''मूठ फुटकी असू दे. मला काच हवी आहे.'' आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यातून स्वतःचा अंगठा न बघता दुसरे काही बघितले होते.

दर शनिवारी बाई एक वर्ग घेत. गावातल्या दुकानांत नि दवाखान्यांत औषधे देणारी माणसे त्या वर्गाला येत. शिकलेली माणसे होती ती. पण पदवी भिंतीवर टांगून त्यांना वीस-वीस वर्षे झाली होती आणि मधल्या काळात नव्या औषधांचा नुसता पूर आला होता. नवे औषध आले की त्याची माहिती कोण देणार? ते विकणाऱ्या कंपनीचा माणूस. तो गुळगुळीत रंगीत पत्रके घेऊन यायचा, पेन द्यायचा, भिंतीवरचे घड्याळ द्यायचा, आणि तो जे सांगून जायचा तेच दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला सांगितले जायचे. बाईंचा राग होता तो यावर. माहिती आपली आपण शोधता आली पाहिजे, आणि सापडली की ती कितपत खरी हे तपासताही आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. चार प्रश्न त्या सगळ्यांकडून म्हणून घेत. हे कोण म्हणतो? कोणावर पाहिले? किती जणांवर? आणि कशाशी ताडून?

त्या वर्गात एकदा दोन्या असुसेना मुंगिया येऊन बसल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे औषधाचे दुकान होते. वयाने त्या बाईंपेक्षा चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या, अंगाने भरदार आणि जिभेने तिखट. हा वर्ग केल्याशिवाय दुकानाचा परवाना पुढे चालणार नाही असे कोणीतरी सांगितले, म्हणून त्या आल्या होत्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, ''बाई, माझा जन्म दुकानात उभं राहण्यात गेलाय. तुम्ही एक दिवस तरी उभ्या राहिलात का?''

''नाही,'' बाई म्हणाल्या. ''म्हणून तुम्ही काय काय विकता ते मला सांगा.''

दोन्या असुसेनांनी खोकल्याच्या एका औषधाचे नाव घेतले. त्यांच्या दुकानाच्या काचेवर त्याचे मोठे चित्र लावलेले होते. बाईंकडे त्याच औषधाचे पत्रक होते. त्यावर ठळक लाल अक्षरांत छापले होते, 'खोकला निम्म्या वेळात बरा'. आणि त्या ओळीच्या शेवटी, मुंगीच्या डोळ्याएवढी एक चांदणी. बाईंनी मला दोन्या असुसेनांच्या हातात दिले आणि त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी कुठे दिला आहे तो वाचायला सांगितले. तिथे लिहिले होते, 'अहवाल कंपनीकडे उपलब्ध'. म्हणजे ज्याने दावा केला, पुरावाही त्याच्याच कपाटात.

दोन्या असुसेनांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस दुकानात आला तेव्हा त्यांनी तो अहवाल मागितला. तो हसला. तो हसला म्हणून त्यांनी त्याच्यासमोरच काचेवरचे चित्र टराटरा फाडले. शनिवारी वर्गात हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. त्यानंतर त्यांचा एकही वर्ग चुकला नाही.

आणि मी? मी तर फुगून गेलो होतो, मित्रांनो. माझा पक्का समज झाला की मोठी अक्षरे खोटे बोलतात आणि बारीक अक्षरे खरे. मोठे अक्षर बाजारात ओरडते, बारीक अक्षर तळाशी गप्प बसून सत्य सांगते, आणि ते ऐकू येते फक्त माझ्यामुळे. जगात माझ्याएवढे शहाणे कोणी नाही असे मला वाटू लागले.

बाई मला आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याच्या घरी देत. दोन्या असुसेनांची पाळी आली आणि मी त्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी जाऊन बसलो. तिथेच याहोस्का आली.

याहोस्का प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला लहानपणापासून फीट यायच्या. एका गोळीने त्या थांबल्या होत्या, इतक्या की ती नोकरी करत होती, सायकल चालवत होती, तिने लग्नही केले होते. आता तिला दिवस गेले होते. तिने गोळ्यांची अख्खी स्ट्रिप गल्ल्यावर ठेवली आणि ती परत घ्या म्हणाली. खोक्यातला कागद तिने घरी उन्हात धरून वाचला होता. दोन्या असुसेनांनी मला उचलले आणि तोच कागद माझ्याखाली धरला. अक्षरे बारीक होती, अगदी माझ्या आवडीची. मी ती मोठी करून दाखवली. 'गरोदरपणात वापरू नये.'

''लिहिलंय खरं,'' दोन्या असुसेना म्हणाल्या. पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली. एकदम गोळी बंद केली तर फीट उलटून येते हे त्यांना माहीत होते. त्या म्हणाल्या, ''पोरी, आजची घे. उद्याचीही घे. मी विचारून येते, मग बघू.''

याहोस्का मागे सरली. ''दोन्या, तुम्हीच आत्ता भिंगातून वाचलंत ना? मग आता शब्द कशाला फिरवता?''

तिने स्ट्रिप तिथेच सोडली आणि ती निघून गेली. दोन्या असुसेना दारापर्यंत धावल्या, हाका मारल्या, पण ती वळली नाही. आणि मी गल्ल्यावर पडून होतो. मीच दाखवले होते ते तिला. एकही अक्षर मी चुकीचे दाखवले नव्हते, तरीही काहीतरी फार चुकले होते, आणि काय ते मला कळत नव्हते.

दोन्या असुसेनांनी भर दुपारी दुकानाचे दार ओढून घेतले. मला ॲप्रनच्या खिशात घातले आणि बसने विद्यापीठात बाईंकडे गेल्या. खोलीत शिरताच त्यांनी विचारले की गोळी बंद करायची की चालू ठेवायची, एवढे एका शब्दात सांगा.

''मला माहीत नाही,'' बाई म्हणाल्या.

''माणूस दारातून निघून गेलंय, आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय?''

''परीक्षा नाही. मला खरंच माहीत नाही, आणि अंदाजानं मी सांगणार नाही. पण कुठे शोधायचं ते माहीत आहे. बसा इथे.''

दोघी शोधायला बसल्या. आधी त्यांनी जाड ग्रंथ काढले. एकात लिहिले होते, जपून द्यावे. दुसऱ्यात लिहिले होते, देऊ नये. तिसऱ्यातही देऊ नये. दोन्या असुसेना म्हणाल्या, झाले तर, दोन विरुद्ध एक. बाईंनी दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले. तिसऱ्या ग्रंथाने दुसऱ्यातली ओळ स्वल्पविरामासकट उतरवून घेतली होती. दोन साक्षीदार नव्हतेच ते, एकच साक्षीदार दोनदा बोलत होता. आणि त्या दुसऱ्याने तरी कुठून घेतले? खाली संदर्भ होता. तो होता त्याच खोक्यातल्या कागदाचा.

मग आम्ही संशोधनांच्या सूचीचे खंड उघडले. पानभर नुसती नावे, कीटकनाशक फवारल्यावर मेलेल्या मुंग्यांसारखी. माझा खरा कस लागला तो तिथे. दोन्या असुसेना ओळीवरून मला सरकवत होत्या आणि बाई मागच्या पंख्याची दिशा बदलत होत्या, पाने उडू नयेत म्हणून. तीन अभ्यास सापडले. दोन तिथल्या कपाटात होते. तिसऱ्यासाठी बाईंनी शेजारच्या देशातल्या, सान होसेच्या एका ग्रंथालयाला फॅक्स पाठवला.

कपाटातला एक अभ्यास बाईंनी बाजूला सारला. त्यातल्या बायका एकाच वेळी दोन-तीन औषधे घेत होत्या, त्यामुळे दोष कुठल्या औषधाचा हे सांगता येत नव्हते. दुसऱ्यात बायकाच मूठभर होत्या. दोन्या असुसेना चिडल्या, म्हणाल्या, असे एकेक टाकत गेलो तर हातात काय उरणार? बाईंनी सांगितले की जे उरेल त्याच्यावर तरी पाय ठेवून उभे राहता येईल.

तिसऱ्या अभ्यासाचा फॅक्स यायला वेळ लागला. त्याआधी बातमी आली. याहोस्काला वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता फीट आली होती. मुलांच्या डोळ्यांदेखत ती बाकाच्या कोपऱ्यावर आपटली. कपाळाला टाके पडले. बाळ सुखरूप होते. तिला इस्पितळात ठेवले होते.

मग फॅक्स आला आणि तो दोघींना पटला: त्यात बायका पुष्कळ होत्या आणि ही एकच गोळी घेणाऱ्या होत्या. दोन्या असुसेना ते फिक्कट कागद घेऊन सरळ इस्पितळात गेल्या, आणि खिशात मी. याहोस्काच्या खाटेजवळ डॉक्टर आर्गेयो उभे होते. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरला होता. गोळी पुन्हा सुरू करावी असे त्यांनाही वाटत होते, पण त्यांच्या हातात तोच खोक्यातला कागद होता.

ते म्हणाले, ''इथे कंपनीच लिहिते की देऊ नका. उद्या बाळाला काही झालं तर मला कोण वाचवणार?''

दोन्या असुसेनांनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला. ''हा कागद कंपनीनं स्वतःला वाचवायला लिहिलाय, डॉक्टर. तुम्हाला नाही. आणि हिला तर नाहीच नाही.''

मित्रांनो, हे ऐकले आणि माझी काच खिशातल्या खिशात गार पडली. बारीक अक्षरेही कोणाची तरी असतात! तीही कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेली असतात. मी त्यांना मोठे करत होतो, पण ती कोणाच्या बाजूने बोलत आहेत हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून मी बारीक अक्षरांशीही भांडायला लागलो.

डॉक्टर आणि दोन्या बोलत राहिले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. ''माझ्याबद्दल बोलताय ना? मग मलाही दाखवा.''

कपाळाला पट्टी बांधलेली याहोस्का उठून बसली होती. दोन्या असुसेनांनी फॅक्सचे कागद तिच्या मांडीवर पसरले आणि मला तिच्या हातात दिले. शाळेतली बाई ती. बोट ठेवून एकेक रकाना वाचू लागली. अडले की दोन्या सांगत.

''म्हणजे ही गोळी घेणाऱ्या शंभर बायकांतल्या पाचेक जणींच्या बाळांत काही ना काही दोष होता.''

''हो.''

''आणि काहीच न घेणाऱ्या शंभरांत?''

''दोन-तीन. ते तर सगळ्या जगात असतंच.''

याहोस्काने दोन्ही आकड्यांवर एकेक बोट ठेवले. मग तिने विचारले की ती पुन्हा पडली तर बाळाचे काय, त्याचा आकडा कुठे आहे. दोन्या असुसेनांनी खोटे सांगितले नाही. त्या म्हणाल्या, ''त्याचा इतका चांगला आकडा नाही मिळाला. आणि ह्या बायका आपल्याकडच्या नाहीत, हेही सांगून ठेवते. पण पडणं काय असतं ते तू मला सांग.''

याहोस्काने पट्टीला हात लावला. ''कागदावर एवढंच होतं, वापरू नये. न वापरल्यावर काय होतं ते कुठे होतं?'' मग ती डॉक्टरांकडे वळली. ''मी घेणार. माझ्या नावावर लिहा.''

डॉक्टरांनी लिहिले. तीच एक गोळी, जेवढी कमीत कमी पुरेल तेवढी, सोबत एक जीवनसत्त्व, आणि दर महिन्याला तपासणी. खाली त्यांनी स्वतःची सही केली, तीही नेहमीपेक्षा ठळक.

पण गाव काही अभ्यास वाचत नाही. बाजारात कुजबुज सुरू झाली की असुसेना पोटुशीला विष देते. खोक्यावर लिहिले आहे, तरी देते. काही गिऱ्हाइके समोरच्या पदपथावरून जायला लागली. दोन्या असुसेनांनी घरातली डुलती खुर्ची आणून दुकानाच्या दारातच टाकली आणि त्यात बसून पलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन मोठ्याने रामराम करायला सुरुवात केली. आजारी सासू कशी आहे, गुडघा कसा आहे, सगळे विचारायच्या. माणसे ओशाळायची. जवळ येणाऱ्याला त्या फॅक्सचे कागद दाखवायच्या, नको म्हटले तरी. त्याच महिन्यांत सेर्रो नेग्रो या ज्वालामुखी डोंगराने राख ओकली. दिवसभर काळी राख घरात येत होती. दोन्या असुसेनांनी ॲप्रनच्या टोकाने मला खसाखसा पुसले, आणि मला हे चरे पडले. मला त्यांची लाज नाही. त्या दिवसांत आमच्या दोघांवरही राखच पडत होती.

याहोस्काला मुलगी झाली. दहा बोटे, मोठा आवाज, सगळे ठीक.

त्या मुलीला घेऊन दोन्या असुसेना शनिवारच्या वर्गात आल्या. बरोबर याहोस्काही होती. दोन्यांची चाल बघून वाटत होते की मिरवणूकच आली. वर्गातली माणसे उठून बाळाभोवती जमली. दोन्या असुसेनांनी बाळ बाईंसमोर उचलून धरले आणि म्हणाल्या, ''घ्या बाई, हा पुरावा.''

बाईंनी चष्मा काढला. बाळाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ''बाळ फार गोड आहे. पण हा पुरावा नाही.''

दोन्या असुसेनांचा चेहरा लाल झाला. इतके महिने गावाचे बोलणे खाऊन त्यांनी हे ऐकायचे?

बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, ''एका बाळानं काही सिद्ध होत नाही, दोन्या असुसेना. शंभरांतल्या त्या पाचांपैकी एक हिच्या वाट्याला आलं असतं, तर गावानं तुमचं दुकान फोडलं असतं. आणि तरीही तुमचं उत्तर बरोबरच असतं. तुम्ही शोधलंत, तपासलंत, आणि जे माहीत नव्हतं तेही तिला सांगितलंत. तुम्ही त्या दिवशीच बरोबर होतात, आज नाही झालात.''

दोन्या असुसेना तशाच उभ्या राहिल्या, बाळ हातावर धरून.

बोलली ती याहोस्का. ''पुरावा नसू दे,'' ती म्हणाली, ''पण बाई, जरा धरा तिला. दोन्यांचे हात भरून आलेत.''

बाईंनी बाळ घेतले. त्यांना धरता येत नव्हते. मान कशी सावरायची ते सगळा वर्ग एकदम सांगायला लागला, आणि त्या गोंधळात दोन्या असुसेनांनी डोळे पुसून घेतले.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. बाई निवृत्त झाल्या. वर्ग मात्र चालू आहे. मी खोलीतल्या टेबलाच्या खणात असतो, खडूच्या तुकड्यांबरोबर. नवे विद्यार्थी खिशातल्या फोनवर दोन बोटे फाकवतात आणि अक्षर मोठे करतात. कोणी मला उचलले तर ते पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला. करा बापड्यांनो! अक्षर मोठे करायला मी लागत नाही, हे मला कळते. पण परवा एका मुलाने पडद्यावरचे उत्तर वाचून दाखवले, आणि ते कोण म्हणतो असे विचारल्यावर तो म्हणाला, सगळेच म्हणतात. तेव्हा खणातल्या खणात मी असा तापलो की उन्हात धरले असते तर कागद पेटवला असता.

म्हणून माझे मागणे ऐका. मला पुसून मखमलीत ठेवू नका. तुमच्या घरी कोणाच्या तरी गोळीबरोबर तो घडीचा कागद येईल, तो फेकू नका, वाचा. वाचून लगेच मान डोलावू नका, आणि घाबरून गोळ्याही टाकून देऊ नका. उठा आणि ज्याला कळते त्याच्याकडे विचारायला जा. त्याने उत्तर दिले की पुढचा प्रश्न विचारा, हे तुम्हाला कसे कळले? चांगला माणूस असेल तर तो तुम्हाला शेजारी बसवून दाखवेल. नाहीतर तो चिडेल. चिडला तर चिडू द्या. तुम्ही मात्र गल्ल्यापासून हलू नका.